जयपुरात साडूंची साक्ष

साडूंचा पतंग कापला गेला, तेव्हा अख्ख्या गच्चीवर आनंदानं नाचणारा मी एकटाच होतो.

झालं असं, की संक्रांतीच्या दिवशी जयपूरच्या आकाशात इतके पतंग असतात, की त्यातला कुठला कुणाचा हे ओळखायला माणूस तिथेच वाढलेला लागतो. मी सकाळच्या गाडीनं दिल्लीहून आलेलो, डोळ्यांत अर्धी झोप, अंगावर थंडीतलं कोवळं ऊन. लांबवर एक जांभळा पतंग दोऱ्यापासून सुटला आणि डुलत डुलत, कुणीतरी हळूच पाण्यात सोडल्यासारखा खाली जायला लागला. इतरांचं ऐकून शिकलेलं "वो काटा" मी छाती भरून ओरडलो, दोन टाळ्याही वाजवल्या. मग लक्षात आलं की आपली गच्ची गप्प आहे. माझे साडू, सुधाकरराव, हातात सैल पडलेला दोरा धरून माझ्याकडे बघत होते. त्यांची मुलगी ईशा फिरकी गुंडाळत म्हणाली, "काका, ती आपलीच होती."

पलीकडच्या गच्चीवरच्या मंडळींनी मात्र मला हात जोडून नमस्कार केला. पाहुण्याला मान देण्याची या शहराची रीत मोठी आहे.

मी संसदेच्या एका समितीच्या कार्यालयात अधिकारी आहे. सरकारच्या उद्योग-व्यापार खात्यानं वर्षभर काय केलं, दिलेल्या पैशाचं काय झालं, हे विचारायला खासदारांची ही समिती असते. विचारणं त्यांचं काम. काय विचारावं हे सुचवणं माझं. बैठकीत ते टेबलाशी बसतात, मी अध्यक्षांच्या मागे भिंतीला टेकून, मांडीवर फाइल घेऊन. प्रश्न कुठे अडखळला की पुढे एक चिठ्ठी सरकवायची. घरी माझ्या चिठ्ठ्यांना कुणी विचारत नाही, त्यामुळे ही नोकरी मला फार मानवली आहे. बैठकीतलं बाहेर बोलू नये असा नियम आहे, पण तो अहवाल आता सभागृहात मांडून झाला आहे, म्हणून हे लिहायला हरकत नाही. खात्याचं नाव आणि गावाचं नाव तेवढं माझ्यापाशीच ठेवतो.

तर या समितीचा जयपूर दौरा ठरला होता. मंडळी संध्याकाळी यायची होती, बैठक दुसऱ्या दिवशी. माझ्या बायकोची, उज्ज्वलाची, थोरली बहीण शैलाताई जयपूरला जवाहर नगरात राहते, म्हणून मी सकाळीच आलो. उज्ज्वलाची शाळा होती, ती आली नाही. तिनं माझ्याबरोबर तिळाच्या वड्यांचा डबा आणि "तिथे जाऊन शहाणपणा करू नका" एवढं पाठवलं होतं.

सुधाकररावांनी नवा पतंग बांधायला घेतला. दोऱ्याची गाठ दातात धरून, आकाशाकडे बघतच म्हणाले, "आमचे संचालक तापानं आडवे झालेत हं, मिलिंदराव. उद्या तुमच्यासमोर साक्षीला मीच आहे."

सुधाकरराव त्याच खात्याच्या जयपूर कार्यालयात दोन नंबरचे अधिकारी आहेत हे मला ठाऊक होतं. पण बोलायला नेहमी एक नंबरचे येतात, या भरवशावर मी प्रश्न काढले होते. आणि त्यातला एक, मला स्वतःला फार आवडलेला, अगदी दुधारी होता. त्याच क्षणी जिना उतरून हॉटेलवर जायला हवं होतं. पण खालून गूळपोळीवर तूप पडल्याचा वास आला आणि माझ्यातला अधिकारी जरा वेळ बाजूला झाला.

गूळपोळी आणि फीणी

जेवण गच्चीवरच झालं. त्या दिवशी जयपुरात खाली घरात कुणी जेवत नाही म्हणे. शेजारून फीणी आली, ही इथली संक्रांतीची खासियत: केसाइतक्या बारीक शेवयांचा तळलेला गुंता. मी ती चिवड्यासारखी कोरडीच खाल्ली आणि स्वेटरभर पांढरा भुगा सांडला. मग ईशानं वाटीत गरम दूध ओतून दाखवलं, तेव्हा त्या गुंत्याचं जे काही झालं ते मऊ आणि गोड आणि जवळजवळ नसल्यासारखं होतं. खाल्लं की वाटलं, हे नुसतं आठवलंच असावं.

इथल्या बायका संक्रांतीला एकाच जातीच्या चौदा वस्तू आणून वाटतात. ताईच्या हळदीकुंकवाला असा आकडा नसतो, येईल तिला वाण. "मराठी भाभी को गिनती नहीं आती," असं शेजारणी तिला चिडवतात. ताईही त्यांना सांगते, की तुम्ही चौदाव्या बाईनंतर दार लावता, आमच्याकडे लावत नाहीत.

ताटं उचलताना ताईनं मला स्वयंपाकघरात हाक मारली. एरवी ती मला ताट उचलू देत नाही, तेव्हाच समजायला हवं होतं.

"मिलिंदराव, आजवर तुमच्याकडे काही मागितलंय का मी?"

"नाही."

"मग आज मागते. त्या बंद केंद्राचं उद्या काही विचारू नका."

ते केंद्र जयपूरच्या बाहेर, कापडावर ठशांनी छपाई करणाऱ्यांच्या एका गावात आहे. सगळ्यांनी मिळून कापड धुवावं, रंगाचं पाणी साफ होऊन बाहेर जावं, म्हणून खात्यानं ते बांधलं. अहवालात ते पूर्ण आहे. आणि दरवर्षी समिती विचारते, तेव्हा खात्याचं उत्तर येतं: केंद्र कार्यान्वित करण्याची प्रक्रिया प्रगतिपथावर आहे. दरवर्षी हेच वाक्य, स्वल्पविरामासकट. ते मी पकडलं होतं. माझा दुधारी प्रश्न तो हाच.

"प्रश्न खासदार विचारतात, ताई."

"कोण विचारतं ते उज्ज्वलानं मला कधीच सांगितलंय." ताईनं नळ बंद केला. "ईशाला पुण्याला नोकरी लागली, उन्हाळ्यात जायचंय तिला. यांची पुण्याची बदली दिल्लीच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर आहे, फक्त सही राहिलीय. अकरा वर्षं झाली आम्हाला इथे. दोन वर्षांत हे रिटायर होतील, मग कुठली बदली नि कुठलं काय. तेच साहेब उद्या यांच्या शेजारी बसणार आहेत. यांच्या तोंडून भलतंसलतं निघालं तर ते सही करतील का? तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "बघतो."

"हे 'बघतो' सरकारी की घरचं?"

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

दिव्यांची संध्याकाळ

ऊन उतरलं तसे पतंग विरळ झाले. मला वाटलं, झाला सण. पण अंधारायला लागल्यावर गच्च्यागच्च्यांवरून कागदी दिवे सुटायला लागले. आत ज्योत असलेली ती कागदी घरं आधी हातांत जरा घुटमळायची, मग एकदम ठरवल्यासारखी वर निघायची. बघता बघता आकाशात नारिंगी ठिपक्यांची एक सावकाश नदी वाहायला लागली. आमच्याकडे आकाशकंदील दारात टांगलेला असतो, बिचारा जागचा हलत नाही. इथे तो मोकळा सोडून देतात आणि कुठे गेला म्हणून विचारत नाहीत. मान वर करून बघता बघता पाय गच्चीवर आहेत की नाहीत, हेही कळेनासं झालं.

सुधाकरराव शेजारी येऊन कठड्याला टेकले. "शैलानं तुम्हाला गाठलं ना?"

"गाठलं."

"ते प्रगतिपथाचं वाक्य माझंच आहे. पहिल्या वर्षी सुचायला अर्धा दिवस गेला होता. आता दोन अक्षरं टंकली की कॉम्प्युटर पुढचं आपणच लिहितो."

"वाक्य चांगलं आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. यंत्रं आली, छप्पर झालं, उद्घाटन झालं. सांडपाण्याची नळी तेवढी राहिली. एक कार्यालय म्हणतं, केंद्र चालवून दाखवा, मग नळी देऊ. दुसरं म्हणतं, नळी आणा, मग चालवायची परवानगी देऊ. दोघांच्या मध्ये एक कुलूप. छपाईवाले आपापल्या अंगणात कापड धुतात आणि रंगाचं पाणी नाल्यात जातं म्हणून नोटिसा त्यांनाच येतात. हे सगळं दिल्लीला लिहून कळवलं होतं. तिथून उत्तर आलं, की आहे तेच वाक्य पुन्हा लिहावं.

"तर मिलिंदराव, तुम्ही विचारा."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "काय?"

"मी आपणहून बोललो तर साहेबांना डावलून बोललो असं होतं. पण समितीनं थेट विचारलं तर खरं सांगणं हे माझं कामच आहे. मग कुणी काही करू शकत नाही. म्हणजे करतील, पण कारण म्हणून ते लिहू शकणार नाहीत." ते जरासे हसले. "फक्त नीट विचारा. प्रक्रिया सुरू आहे का, असं विचारलंत तर मी हो म्हणेन. ती सुरूच आहे. मी रिटायर झाल्यावरही सुरूच राहील."

"आणि बदली?"

एक दिवा आमच्या डोक्यावरून गेला. त्यांनी मान वळवून तो लहान होईपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "ईशाला पुण्यात तीन मावश्या आहेत. त्या गावाला माझ्याशिवाय कुणी नाही असं मी म्हणत नाही. पण ते वाक्य पुन्हा एकदा माझ्याच्यानं लिहिलं जाणार नाही."

"ताईंना सांगितलंत?"

"आज सण आहे," ते म्हणाले आणि खाली गेले.

चहानंतर

सकाळी शहरावर धुकं होतं. हॉटेलच्या खिडकीतून गुलाबी भिंती, कबुतरं, तारांवर लटकलेले कालचे पतंग, सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. मी अध्यक्षबाईंना व्हरांड्यात गाठलं. बाई वयस्क, बोलायला कमी, हिंदीभाषक मुलखातल्या. म्हटलं, आज साक्षीला येणारे अधिकारी माझे साडू आहेत. आपण म्हणाल तर मी आज मागे बसत नाही.

त्यांनी शाल नीट केली. "साढ़ू हैं? यानी आप दोनों एक ही घर से डाँट खाते हैं."

"जी."

"बैठिए पीछे. सवाल मैं पूछूँगी, और पूछने लायक हुआ तभी पूछूँगी."

बैठकीचा हॉल जड पडद्यांचा, मधोमध झुंबर, आणि गालिचा असा की पाय टाकला की आवाजच नाहीसा व्हायचा. अशा जागी खरं-खोटं दोन्ही मऊच लागतं. एका खासदारांनी माझा दुधारी प्रश्न वाचला. वाचताना तो लांबलचक वाटला, मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट. शेवटी शेवटी तर त्याचं "प्रक्रिया कुठवर आली आहे" असंच झालं. मोठे साहेब, म्हणजे ज्यांच्या टेबलावर ती बदली होती ते, प्रसन्नपणे माइककडे वाकले आणि म्हणाले की प्रक्रिया प्रगतिपथावर आहे. तपशील लेखी सादर करू. लेखी सादर करू म्हटलं की विषय मिटतो, ही या खेळातली सगळ्यांना मान्य असलेली रीत आहे. सुधाकरराव शेजारी ताठ बसले होते. समोरच्या पेन्सिलीला त्यांनी हात लावला नव्हता.

अध्यक्षबाईंनी पान उलटलं.

माझ्या मांडीवर कोरी चिठ्ठी होती. ताईचा बंद केलेला नळ आठवला. ईशाचं पुणं आठवलं, जिथे ती अडखळत मराठी बोलेल आणि मावश्या हसतील. आणि झोपेच्या काठावर असताना कधीकधी एखादी गोष्ट एकदम सोपी दिसते, तसा तो प्रश्न दिसला. त्यात ना अहवाल होता, ना स्वल्पविराम. मी हिंदीत एक ओळ लिहिली आणि पुढे सरकवली.

बाईंनी वाचली. चष्म्यावरून एकदा मागे माझ्याकडे पाहिलं. मग पान परत उलटलं.

"एक बात और. चाय के बाद हम वहाँ चलें, तो दरवाज़ा खुलेगा?"

मोठे साहेब माइककडे वाकले. "मैडम, प्रक्रिया—"

"आप नहीं. आप तो दिल्ली में रहते हैं. जो जयपुर में रहते हैं, वे बताएँ."

सुधाकररावांनी माइक पुढे ओढला नाही. न ओढताच बोलले, तरी त्या मऊ हॉलमध्ये ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

"नहीं मैडम. नहीं खुलेगा."

आणि मग नळी, दोन कार्यालयं, नोटिसा, सगळं त्यांनी काल कठड्याशी सांगितलं तसंच, तेवढ्याच शब्दांत सांगितलं. झुंबराचा एक लोलक कुठल्याशा झुळुकीनं किणकिणला. बाई म्हणाल्या, "तो चलिए, बंद दरवाज़ा ही देख आते हैं."

दुपारी आमेरचा किल्ला दाखवायचा बेत होता. तो राहिला. गाड्या शहर सोडून निघाल्या, धुकं फाटलं आणि रस्त्याकडेला कापडं सुरू झाली. शेतात, बांधावर, भिंतींवर, जिथे म्हणून ऊन पडत होतं तिथे पसरलेली: निळी, तांबडी, मातकट, त्यांवर ओळीनं उमटलेली फुलं. गाडीच्या काचेतून बघताना वाटायचं, कुणीतरी जमिनीवर एक झोपलेला बगीचा घडी मोडून ठेवला आहे. अशा रस्त्यानं मी दिवसभर गेलो असतो. पण केंद्र आलं.

मोठी, सरळ, नवी इमारत. छपरावर कालचे कापलेले पतंग येऊन पडले होते. दाराला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे हे तिथल्या तिथे सांगणारं कुणी नव्हतं. बाईंनी शालीनं काच पुसून आत पाहिलं. मीही पाहिलं. पांढऱ्या प्लॅस्टिकखाली यंत्रं उभी होती. पाहुणे यायचे म्हणून चादरी घालून ठेवाव्यात आणि पाहुणे आलेच नाहीत, अशा बैठकीच्या खोलीसारखं दिसत होतं सगळं.

गावातली माणसं जमली. एक म्हातारे छपाईवाले, मनगटापर्यंत निळे झालेले, पुढे आले. बाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही कधी आत गेला होता का?

"एक बार. उद्घाटन के दिन," ते म्हणाले. "लड्डू अच्छे थे."

बाई हसल्या. मोठे साहेबही हसले, थोडं उशिरा. मग एका बाजेवर बसून चहा पिता पिता बाई सुधाकररावांकडे बघत राहिल्या, आपल्याकडे सासवा नव्या सुनेचा स्वयंपाक आवडला की बघतात तशा. आणि साहेबांना म्हणाल्या, "जब तक यह ताला नहीं खुलता, इनको जयपुर से हिलाइएगा मत. और किसी से यह काम होगा नहीं." मग माझ्याकडे वळून, "लिख लीजिए."

"बिल्कुल मैडम," साहेब म्हणाले. दिवसभरात त्यांनी इतक्या चटकन कशालाच होकार दिला नव्हता.

मी तोंड उघडलं. बाईंना बदलीचं काहीच माहीत नव्हतं. एक वाक्य सांगायचा अवकाश, त्यांनी शब्द मागे घेतला असता. पण ते वाक्य सांगणारा माणूस समितीचा नसता, साडूच असता. मी सुधाकररावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकीच. मी तोंड मिटलं आणि लिहून घेतलं. बाईंचं वाक्य पुढे अहवालात माझ्याच सुबक भाषेत छापून आलं.

परत

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर ईशा एकटीच आली. तिनं माझ्या हातात एक डबा दिला.

"आईनं दिलाय. मतलब, तुमच्यासाठी नाही, मावशीसाठी आहे. असं नीट सांगायला सांगितलंय."

"ताई फार रागावलीय?"

"रात्री जेवली नाही. मग बाबांनी खिचडी लावली, ती जळली, मग हसली थोडी. पण तुमचं नाव काढलं की बंद." तिनं डब्याच्या झाकणावर बोटानं ठेका धरला. "काका, पुण्यात मी आधी एकटीच राहणार ना. मला भीती वाटते पण आईला नाही सांगितलं. बाबांना कळलंय."

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, मराठी सुधारेल."

गाडी सुटली. हात हलवणारी ईशा, फलाट, मग उन्हात वाळत घातलेलं शहर मागे सरकत गेलं. डबा दिल्लीपर्यंत मी मांडीवरच ठेवला, उघडला नाही. माझ्यासारख्या माणसानं हे केलं याची नोंद व्हावी.

घरी पोचलो तेव्हा उज्ज्वला वह्या तपासत होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की जयपूरहून फोन येऊन गेला आहे, एकदा नव्हे, बऱ्याचदा. तरी तिनं मला पहिल्यापासून सांगू दिलं: पतंग, गूळपोळी, कठडा, चिठ्ठी, बाज, बाईंचा शब्द. मी माझी बाजू जरा जास्त नीटनेटकी मांडत होतो, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. सगळं झाल्यावर लाल पेन बंद करून तिनं एवढंच विचारलं, "दार उघडणार नाही असं म्हणाले, तेव्हा भावजी दिसत कसे होते?"

मी आठवून पाहिलं. "तुझ्या ताईच्या लग्नातल्या फोटोत दिसतात ना, तसे. केस तेवढे वजा."

उज्ज्वलानं डबा उघडला, एक लाडू फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

"मग ताईला लावा आणि एवढंच सांगा," ती म्हणाली. "बाकीचं तुमच्या संसदेला सांगा."